आक्काची दुसरी नोंद

आमची माय वारली हे माझ्या थोरल्या बहिणीला अकराव्या दिवशी कळलं. सुरतहून सिल्वासाला बसने तीन-साडेतीन तास लागतात. बातमीला अकरा दिवस लागले, आणि ते माझ्या हुशारीमुळे लागले. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे मला माझ्या हुशारीबद्दल बरंच लिहावं लागणार आहे, आणि ते वाचताना कुणाला माझं कौतुक वाटायला नको.

मी रिंगरोडवरच्या साड्यांच्या एका पेढीत डेटाबेस सांभाळते. पाहुण्यांना वाटतं, मी दिवसभर नव्या नव्या साड्या बघत बसते. साडी माझ्या डोळ्यांसमोर येतच नाही, येतात ते तक्ते. एकच व्यापारी चार तक्त्यांत चार तऱ्हांनी लिहिलेला असतो. त्याने दुकान बदललं की एका ठिकाणी नवा पत्ता पडतो आणि तीन ठिकाणी जुनाच राहतो, मग माल भलतीकडे जातो आणि सगळे माझ्या नावाने शंख करतात. तेव्हा त्या व्यापाऱ्याला एकाच जागी एकदाच लिहायचं, आणि बाकीच्या तक्त्यांनी त्याच्याकडे नुसतं बोट दाखवायचं. याला नॉर्मलायझेशन म्हणतात. एक गोष्ट एकाच ठिकाणी, आणि ती ज्याच्यावर अवलंबून आहे त्याच्याच शेजारी. मला हे काम मनापासून आवडायचं. घरात मिठाच्या दोन बरण्या दिसल्या तरी माझं डोकं फिरायचं. माय शेजारणींना सांगायची, "हाई पोर सासरले गयी ते सासूले बी बरणीमा भरी ठेवी." मी सासरी गेलेच नाही. पस्तिशी उलटली तरी डिंडोलीत मायजवळच राहिले.

आम्ही दोघीच बहिणी. वडील अमळनेरकडून सुरतला आले, लूमवर कामाला राहिले, आणि मी बारावीत असताना गेले. आक्का माझ्याहून सात वर्षांनी मोठी. तिला कडोदऱ्याला दिली होती, आपल्यातल्याच घरात. नवरा मारायचा. आमच्याकडे हे "कधीमधी हात उचलतो" असं सांगायची पद्धत आहे, ती मी पाळत नाही. चार वर्षांपूर्वी एका सकाळी आक्का फुटलेली भुवई घेऊन आमच्या दारात आली आणि पंधरा दिवस राहिली. मी वकील गाठला, कागद तयार केले, तिच्यासाठी नवी गादी आणली. सोळाव्या दिवशी तो मोटरसायकल घेऊन खाली येऊन उभा राहिला. वरही आला नाही, नुसता हॉर्न वाजवला. आणि आक्का दोरीवरचे कपडे काढायला लागली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "जायचं तर जा," मी म्हणाले. "पण मग मला फोन करायचा नाही. मायलाही नाही. त्याला सोडशील त्या दिवशी कर."

हे रागात बोलले, पण अगदीच बेभान होऊन नाही. मला वाटलं होतं, मागचं दार बंद होतंय असं दिसलं की तिचा पाय अडेल. अडला नाही. ती गेली. पुढे तो तिला घेऊन सिल्वासाला एका कारखान्यात कामाला लागला, तिचा मोबाइल त्याने काढून घेतला, एवढंच नातेवाइकांकडून कानावर आलं. तिने मला एकदाही फोन केला नाही. जन्मभर सगळ्यांचं ऐकत आली होती, तसं माझंही ऐकलं. मायने माझ्यासमोर तिचं नाव काढणं बंद केलं. मला वाटलं, मायला माझं म्हणणं पटलं.

माय मला घाबरायची. खरं आहे ते. मी कधी तिच्यावर ओरडले नाही, कमी पडू दिलं नाही काही. पण मी एखादी गोष्ट ठरवली की ठरली, हे तिला माहीत होतं.

आता त्या वह्यांकडे येते. डिंडोलीत आमच्या समाजाच्या मंडळाची एक खोली आहे, जिना चढून वर. तिथे हिरव्या लोखंडी कपाटात पाच जाड वह्या होत्या आणि त्या सांभाळणारे आबा. आबा म्हणजे मिलच्या टाइम ऑफिसातून निवृत्त झालेले, वडिलांच्या ओळखीतले, आम्हा बहिणींना लहानपणापासून बघितलेले. डिंडोली, गोडादरा, लिंबायत, कडोदरा, कुठेही राहायला आलेलं खान्देशातलं आपलं घर असो, त्याला वहीत एक पान. पानावर घरातली सगळी माणसं ओळीने: नाव, नातं, मूळ गाव, पत्ता, काम, फोन. लग्न जमवायला, मुलांच्या फॉर्मवर गावाची खात्री द्यायला, आणि मुख्य म्हणजे मयतीची बातमी द्यायला या वह्या लागायच्या. ज्या घरात दुःख झालं त्या घराने फोन करत बसायचं नाही, ही आमच्याकडची रीत. घरच्यांनी फक्त मंडळाला कळवायचं. मग मंडळाची दोन माणसं वही उघडून बसतात आणि एकेक नंबर लावत जातात.

आबांची आणखी एक रीत होती. दिलेल्या मुलीचं नाव माहेरच्या पानावरून ते कधी काढत नसत. नावापुढे 'दिली' लिहायचे, कुठे दिली ते गाव लिहायचे, तिचा फोन लिहायचे. आणि तीच मुलगी सासरच्या पानावर सून म्हणून पुन्हा लिहायचे. म्हणजे प्रत्येक लग्न झालेली बाई दोन पानांवर. कुणाच्या मयतीत त्यामुळे एकेका घराला तीन-तीनदा फोन जायचा. लोक वैतागायचे, म्हणायचे, अहो कितीदा सांगाल, निघालो आम्ही.

मागच्या पावसाळ्यात मंडळाने ठरवलं की हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायचं, आणि काम अर्थातच माझ्याकडे आलं. मी वह्या शनिवारी घरी आणायचे, रविवारी रात्री परत ठेवायचे, आणि रविवार सगळे त्यात घातले. काय मजा आली म्हणून सांगू! एकाच गावाचं नाव पाच तऱ्हांनी लिहिलेलं, ते मी गावांच्या एका तक्त्यात एकदाच लिहिलं. एका घरातल्या सहा माणसांपुढे सहा वेळा तोच पत्ता, तो घरांच्या तक्त्यात गेला. फोनचंही तेच होतं. आबांनी सहा जणांपुढे एकच नंबर सहा वेळा गिरवलेला असायचा. म्हणजे फोन माणसावर अवलंबून नाही, घरावर अवलंबून आहे, तेव्हा तोही घराच्या ओळीत. बातमी द्यायला घरटी एक नंबर पुरे होता. माणसांच्या तक्त्यात माणूस एकदाच, आणि त्याच्यापुढे तो कोणत्या घरातला, एवढंच. पुस्तकात जसं असावं तसं. घर हललं की एका जागी बदल. माणूस गेला की एका ओळीत खूण, आणि सगळ्या याद्या आपोआप दुरुस्त.

अडलं फक्त दिलेल्या मुलींपाशी. माणूस एकदाच लिहायचा तर तिला कोणत्या घरात घालायचं? सासरच्या, हे उघड होतं, राहते तिथे. पण पन्नासेक मुली अशा निघाल्या की त्यांच्या माहेरच्या पानावर एक नंबर होता आणि सासरच्या पानावर दुसराच. माझ्या धंद्यात अशा जोड्या दिसल्या की आम्हाला आनंद होतो, रोग सापडला म्हणून. दोन ठिकाणी लिहिलं की एक दिवस दोन ठिकाणं वेगळं बोलणार, हेच तर आम्ही लोकांना ओरडून सांगत असतो.

सरळ मार्ग होता. पन्नास फोन करायचे आणि विचारायचं, बाई, तुझा नंबर कोणता? दोन संध्याकाळींचं काम. मी ते केलं नाही. मी नियम केला: जिथे दोन नंबर असतील तिथे सासरच्या घराचा धरायचा, दुसरा सोडायचा. एका फटक्यात पन्नासच्या पन्नास ओळी साफ झाल्या.

त्या यादीत आक्का होती. बाराव्या की तेराव्या ओळीवर. मी ती ओळ बघितली होती. सासरच्या पानावर नवऱ्याचा मोबाइल, आणि आमच्या पानावर, आबांच्या तिरप्या अक्षरात, एक दुसराच नंबर. मला वाटलं, असेल कडोदऱ्याचा जुना, बंद पडलेला. लावून बघता आला असता. खरं सांगायचं तर तो नियम मी केला त्याला ती ओळ हेही एक कारण होतं. पन्नास जणींना फोन करायचे म्हटलं असतं तर तिलाही करावा लागला असता, आणि आधी फोन मी करणार नव्हते.

शेवटच्या वेळी वह्या परत द्यायला गेले तेव्हा आबांना मी स्क्रीनवर सगळं दाखवलं. ते चष्मा कपाळावर चढवून बघत राहिले. मग म्हणाले, "बेटा, पोरीस्ना नंबर दोन्ही राहू दे."

"आबा, दोन ठेवले तर खरा कोणता ते कसं कळणार?"

"दोन्ही खरा."

मी हसले. आबांना टाइम ऑफिसातली सवय, म्हटलं, हजेरी दोनदा मांडल्याशिवाय यांना झोप यायची नाही. त्यांनी 'दोन्ही राहू दे' एवढंच पुन्हा म्हटलं आणि वह्या कपाटात लावायला घेतल्या. दिवाळी झाल्यावर ते कायमचे गावी, पारोळ्याकडे मुलाकडे राहायला गेले. वह्या कपाटात पडून राहिल्या असत्या, पण मीच मंडळाला सांगितलं की जुनी प्रत ठेवू नका, लोक त्यातच बघत बसतील. पाचही वह्या रद्दीत घातल्या. मीच दोरीने बांधल्या. खोलीतला जुना लँडलाइन फोनही तेव्हाच काढून टाकला. कशाला हवा होता?

त्यानंतर एकदा संध्याकाळी माय तांदूळ निवडत बसली होती. मी शेजारी लॅपटॉप घेऊन. तिने मान वर न करता विचारलं, "त्या वह्यास्मा कोना कोना दोन-दोन नंबर व्हतात. तू दोन्ही लिधात का वं?"

मला फार बरं वाटलं. माय माझ्या कामाबद्दल कधी विचारत नसे. मी तिला सगळं समजावून सांगितलं, सोप्या भाषेत, हातवारे करून. एक गोष्ट एकदाच. दोन असल्या की गोंधळ. म्हणून एकच खरा ठेवला.

"खरा कोन्ता ते तुले कसं समजनं?"

"नियम लावला."

तिने ताटातला खडा उचलून बाजूला ठेवला. "बरं," म्हणाली. मग थोड्या वेळाने, "वह्या कोठे शेतीस?" मी म्हटलं, "रद्दीत. आता लागत नाहीत त्या." तिने तांदूळ पुन्हा पहिल्यापासून निवडायला घेतले. मी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

त्याच महिन्यात मायच्या मोबाइलवर एका अनोळखी नंबरवरून दोन-तीनदा फोन आले. माय आत असायची, मी उचलायचे. हॅलो म्हटलं की पलीकडून कुणी बोलायचं नाही, फक्त काहीतरी घरघर ऐकू यायची, आणि फोन ठेवला जायचा. मी तो नंबर ब्लॉक करून टाकला. हल्ली म्हाताऱ्या माणसांना कोण काय फोन करून फसवेल सांगता येत नाही.

माय होळीच्या आधी गेली. सकाळी चहा ठेवायला उठली, छातीत दुखतंय म्हणाली, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत तिचा हात माझ्या हातात थंड पडला. मी मंडळाला कळवलं. पुढचं सगळं मी बांधून ठेवलेल्या रस्त्याने झालं. मंडळाच्या चिटणीसांनी मायच्या ओळीत एक खूण केली, आणि फोन करायच्या घरांची यादी निघाली, प्रत्येक घर एकदाच, कुठे दुबार नाव नाही. दोन माणसांनी तासाभरात सगळे नंबर लावले. यादीचा कागद माझ्यासमोरच्या खुर्चीत पडला होता. त्यात आक्काच्या नवऱ्याच्या नंबरापुढे बरोबरची खूण होती, आणि लिहिलं होतं, 'सांगतो म्हणाले.'

आम्ही चार वाजेपर्यंत थांबलो. म्हातारी माणसं म्हणाली, आता उचलायला हवं. चुलतभावाने पाणी पाजलं, त्यानेच तापीकाठी अग्नी दिला. मी शेवटपर्यंत रस्त्याकडे बघत होते. आक्का आली नाही.

आणि मग मला राग आला. दुःख होतं, पण त्याच्यावर राग असा चढून बसला की दुःख दिसेना. मायच्या मरणाला आली नाही! माझ्याशी भांडण होतं ना, मग मायने काय केलं होतं? भेटायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "मोठी कोठे शे?" मी म्हणायचे, "तिला कळवलंय. तिला यायचं नसेल." दहा दिवस मी हे वाक्य म्हणत होते. काही बायकांनी माना हलवल्या, काहींनी आक्काला दोनचार शब्द ठेवून दिले, आणि मी ते ऐकून घेतले.

दहाव्याला आबा आले. पहाटेच्या गाडीला बसून, मुलाला न जुमानता, काठी टेकत. घाटावरचे विधी आटोपून घरी आल्यावर ते माझ्याजवळ खुर्ची ओढून बसले आणि इकडेतिकडे बघत म्हणाले, "मोठी दिसत नही?"

मी तेच वाक्य म्हटलं.

"अशी व्हवावं नही," आबा म्हणाले. "गिरणीवालीले फोन लावा व्हता ना?"

"कोण गिरणीवाली?"

 मग आबांनी सगळं सांगितलं. आक्का सिल्वासाला जिथे राहते त्या घराखाली पिठाची गिरणी आहे. ती चालवणाऱ्या बाईच्या फोनजवळ दर सोमवारी सकाळी दहा वाजता, नवरा कामाला गेलेला असताना, आक्का येऊन थांबायची. आणि इकडे माय मला "महादेवले जास" सांगून मंडळाच्या खोलीवर यायची. मायला आकडे वाचता येत नव्हते, आणि स्वतःच्या मोबाइलमध्ये नंबर घालून घ्यायचा तर तो माझ्याच हातून घालावा लागला असता. म्हणून तिने तो आबांकडून वहीत, आमच्या पानावर, आक्काच्या नावापुढे लिहून घेतला होता. आबा लँडलाइनवरून लावून द्यायचे आणि जिन्यात जाऊन उभे राहायचे. साडेतीन वर्षं.

"काय बोलायची?" मी विचारलं.

"काय बोलाव? भाजी कोन्ती करी इचारे."

मंडळाचे चिटणीस तिथेच होते. त्यांना एकदम आठवलं. ते म्हणाले, "दिवाळीनंतर आजी एकदा खोलीवर आल्या होत्या, मोठीचा नंबर लावून द्या म्हणाल्या. मी कॉम्प्युटरवर काढून तुमच्या जिजाजींचा लावायला घेतला तर 'हाऊ नही, हाऊ नही' म्हणून माझा हात धरला आणि निघून गेल्या." आबांनीही सांगितलं की मायने कुणाकडून तरी त्यांना गावी फोन लावून घेतला होता, नंबर आठवतो का विचारायला. "मना डोकामा आते काय राहस बेटा," आबा म्हणाले, आणि ते रडायला लागले. त्यांना वाटत होतं की त्यांच्या सांगण्यावरून मी दोन्ही नंबर कॉम्प्युटरात ठेवले, आणि मायला तो पुढे तिथे मिळालाही असेल. मी सगळं उतरवून घेतलंय म्हणून.

माझ्या तक्त्यात एकही चूक नव्हती. त्या रात्री मी पुन्हा पुन्हा तेच आठवत राहिले. प्रत्येक ओळ नियमाने बरोबर होती. माझी बहीण एकाच घरात होती, त्या घराला एकच फोन होता, आणि तो ज्या माणसाच्या खिशात होता त्याच्यापासून लपूनच तर ती बोलत होती. आबांना हे कळत होतं. अशी ती एकटीच नसणार. त्या पन्नास जणींपैकी आणखी कितीजणींच्या माहेरच्या पानावर असाच कुणा शेजारणीचा, कुणा शिवणवालीचा नंबर असेल, कोण जाणे. मी सगळ्या साफ करून टाकल्या होत्या. वह्या नव्हत्या, कुणाला विचारणार?

अकराव्या दिवशी सकाळी मी सिल्वासाला गेले. पत्ता मात्र तक्त्यात होता, सासरच्या पानावर आबांनी बदलून ठेवलेला. बरोबर होता. घराखाली गिरणी होती, चालू होती, आणि दारात एक जाडशी बाई पिठाने पांढरी होऊन बसली होती. मी नाव न सांगताच तिने विचारलं, "तमे सुरतवाळा बेन?" आणि वर तोंड करून आक्काला हाक मारली.

आक्का जिना उतरून आली. केस पांढरे झालेत तिचे. मला बघून ती हसली, आणि तिचं ते हसणं मी मरेपर्यंत विसरणार नाही, कारण ते माझ्यासाठी नव्हतंच. तिची नजर माझ्या मागे रस्त्यावर शोधत होती.

"मायनी धाडं का तुले?" ती म्हणाली. "माय कोठे शे? उनी का?"

मी म्हणाले, "आक्का, माय गेली. आज अकरावा दिवस."

ती तिथेच गव्हाच्या पोत्यावर बसली. गिरणीवालीने गिरणी बंद केली, आणि एकदम शांत झालं तेव्हा मला कळलं की फोनवर ऐकू यायची ती घरघर कसली होती.

मी तिला सगळं सांगितलं. असं ओळीने नाही, उलटसुलट, मधलं आधी, आधीचं नंतर. वह्या, नंबर, नियम, लँडलाइन, ब्लॉक केलेला फोन. मला वाटत होतं ती मला मारेल. मारावं असं वाटत होतं. तिने फक्त मध्ये एकदा विचारलं, "म्हंजे मायनी सोताहून फोन बंद करा नव्हता?"

"नाही. तिला लावता येत नव्हता."

"माले वाटनं, मनावर रागे भरनी." तिने पदराने तोंड पुसलं. पुसलं तरी पुन्हा ओलं होत होतं. "दिवाळीना सोमवारे मी तिले सांगं व्हतं, पुढला सोमवारे पक्कं सांगस. मंग फोनच उना नही. मंडळवर लावा ते बंद. मायना मोबाइलवर लावा ते तू उचला."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच सांगं व्हतं ना, तुले फोन करू नको म्हनीसन."

गिरणीवाली आत गेली आणि तिने पाण्याचा तांब्या आणून आमच्या मध्ये ठेवला. कुणी प्यायलं नाही. मी विचारलं, "काय पक्कं सांगणार होतीस?"

"निघी येस म्हनीसन," आक्का म्हणाली. "त्याले सोडीसन. मायले म्हनसू, धाकलीले सांग, माले लेवाले ये." तिने गिरणीच्या कोपऱ्याकडे बोट केलं, जिथे आता दळणाचे डबे रांगेने ठेवलेले होते. तिथे तिने कपड्यांची पिशवी आणून ठेवली होती. तीन सोमवार ती दहा वाजता खाली येऊन फोनजवळ बसली. चौथ्या सोमवारी पिशवी वर नेली.

मी तिचे दोन्ही हात धरले. म्हणाले, आक्का, आत्ता चल. असशील तशी चल. वर जाऊही नको.

तिने हात सोडवून घेतले नाहीत. माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, नवीन माणसाकडे बघावं तशी.

"आते कोनाकडे येऊ वं?" ती म्हणाली.

मी तिच्यासमोरच उभी होते.